राग कळत नाही, तरी डोळे का भरून येतात?

प्रश्न : माझं वय अठ्ठावन्न. गाणं शिकलेली नाही. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लागली की हातातलं काम थांबतं आणि डोळे भरून येतात. शब्द नीट कळतात असंही नाही. माझे यजमान गाण्यातले जाणकार. राग, ताल, बंदिश, सगळं सांगतात. फैयाज खाँसाहेब म्हणजे त्यांचं दैवत. करीम खाँसाहेबांचा आवाज त्यांना रडका वाटतो. ‘तुला गाणं कळत नाही म्हणून तुला रडू येतं,’ असं ते म्हणतात. न कळणारी गोष्ट इतकी आत कशी पोचते? तीस वर्षं एका घरात राहून दोघांच्या कानांत एवढा फरक कसा? माझी आवड कच्ची समजायची का? आणि जाता जाता एक विचारते. मोबाईलवर या जुन्या तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळतात. काही स्वच्छ, काही खरखरीत. कुठली ऐकावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुम्हाला गाणं कळत नाही हे यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. तुम्हाला रागाचं नाव सांगता येत नाही, मात्रा मोजता येत नाहीत, हे खरं. पण गाणारा एखाद्या सुराकडे निघाला की तो कुठे टेकणार याची वाट तुमचा कान बघू लागतो. सूर टेकायला उशीर झाला की जीव वरखाली होतो, टेकला की तुम्ही मोकळ्या होता. गाणं कळण्यातला हा फार मोठा भाग आहे, आणि तो शिकवणीतून नव्हे, सहवासातून येतो. तुमच्या वयाच्या मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून अभंग, आरत्या, ओव्या, नाट्यपदं, रेडिओवरची भावगीतं पडलेली असतात. त्यांच्या चालींत भूप, यमन, खमाज, भैरवी मुरलेले असतात. कोणीही न शिकवता कानाला त्यांच्या वळणांची सवय होते. झिंझोटीही खमाज थाटातली, लोकसंगीताला जवळची. त्यामुळे खाँसाहेबांची तबकडी लागते तेव्हा तुम्ही अनोळखी प्रदेशात नसताच.

पण नुसत्या ओळखीने डोळ्यांत पाणी येत नाही. तिथे गळ्याचा विचार करावा लागतो.

सगळ्या वाद्यांत गळा हे एकच असं आहे की जे ऐकणाऱ्याजवळही असतं. सारंगी ऐकताना सारंगी वाजवणं म्हणजे शरीराला काय होतं हे मला ठाऊक नसतं. गाणं ऐकताना मात्र ते प्रत्येकाला ठाऊक असतं. श्वास संपत आला की कसं वाटतं, घसा दाटून आला की आवाज कसा बारीक होतो, हे आपण सगळे जगलेलो असतो. आणि या ओळखीची सुरुवात फार लवकर होते. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांवर एक प्रयोग केला. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येईल अशी सोय केली, तर बाळं परक्या बाईच्या आवाजाऐवजी आपल्या आईचा आवाज ऐकू येईल अशा लयीत चोखू लागली. अर्थ, शब्द, चेहरे हे सगळं पुढचं. आवाजाचा पोत आधी कळतो.

भरताने नाट्यशास्त्रात ‘काकू’चा विचार केला आहे. तेच वाक्य आवाज बदलून म्हटलं की प्रश्न होतो, विनवणी होते, धाक होतो. त्या आवाजातल्या फरकाला काकू म्हणतात. अलीकडे, २००३ साली, स्वीडनच्या पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का यांनी बोलण्यातल्या भावनेवरचे शंभराहून अधिक आणि संगीतातल्या भावनेवरचे चाळीसहून अधिक अभ्यास शेजारी ठेवून पाहिले. दुःखात माणसाचं बोलणं संथ होतं, आवाजाचा जोर कमी होतो, चढउतार आखडतात. संगीतातून दुःख व्यक्त करणारा कलाकारही जवळजवळ याच खुणा वापरतो. म्हणजे ठुमरीचे शब्द तुम्हाला कळले नाहीत तरी ते कसे म्हटले आहेत ते कळतं. ठुमरीत तर हेच मुख्य काम असतं. एकच ओळ गायक दहा तऱ्हांनी म्हणतो. एकदा तक्रार, एकदा आर्जव, एकदा नुसता थकवा.

करीम खाँसाहेबांचा आवाज या कामासाठी विलक्षण होता. बारीक, टोकदार, वरच्या पट्टीतला. त्यात मर्दानी भारदस्तपणाचा लवलेश नाही. गमकेचे धक्के नाहीत, शब्दांवर जोर नाही. सूर एकमेकांत इतके विरघळत जातात की एक कधी संपला आणि दुसरा कधी लागला ते सांगता येऊ नये. सुरेलपणाचा त्यांना ध्यासच होता. श्रुतींच्या अभ्यासात ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याला त्यांनी साथ दिली होती. तुम्ही सांगलीच्या, म्हणजे हे सगळं तुमच्या शेजारच्या मिरजेत नांदलेलं. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे, पण मिरजेला त्यांनी घर मानलं. १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात झालं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे अजून गाणं होतं. कधी गेला नसाल तर नक्की जा.

आणि मिरजेत गेलात की एखाद्या तंबोरे करणाऱ्याच्या दुकानात बसून नुसता तंबोरा ऐका. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. ती नेमकी लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला शुद्ध गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. तो त्या तारेचाच पाचवा स्वरांश. गाणाऱ्याने आपला गंधार अगदी त्याच जागी नेऊन ठेवला की दोन आवाजांमधली थरथर नाहीशी होते आणि कुठला गळ्याचा, कुठला तारेचा हे कळेनासं होतं. किराणा घराण्याचे गायक सारी साधना या मिळण्यावर खर्च करतात. ऐकणाऱ्याला यातलं काही माहीत नसलं तरी थरथर थांबते हे कानाला जाणवतं. सूर लागला की अंगावर काटा येतो असं आपण म्हणतो, तेव्हा आपण एका खऱ्याखुऱ्या घटनेबद्दल बोलत असतो.

त्या काट्याचाही अभ्यास झाला आहे. मॉंट्रियलला अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी २००१ साली दहा जणांना सांगितलं, तुमच्या अंगावर हमखास काटा आणणारं संगीत तुम्हीच निवडून आणा. ते ऐकवत असताना त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा अन्नासारख्या मूलभूत सुखांच्या वेळी जे भाग जागे होतात तेच इथेही जागे झालेले दिसले. दहा वर्षांनी त्याच शहरात व्हेलोरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी आणखी बारकाईने पाहिलं. परमोच्च क्षणी मेंदूत डोपामीन स्रवतं, हे अपेक्षित होतं. पण तो क्षण येण्याच्या आधी, नुसती चाहूल लागली असताना, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते आधीच स्रवू लागलेलं होतं. म्हणजे वाट पाहणं हाच सुखाचा निम्मा भाग.

हे वाचून मला विलंबित ख्यालाची बढत आठवली. गायक खर्जातून निघतो, मध्य सप्तकात एकेक सूर उघडत जातो, निषादापर्यंत येतो आणि तार षड्ज न लावता मागे फिरतो. पुन्हा येतो, पुन्हा फिरतो. वीस मिनिटांनी तो षड्ज लागतो तेव्हा सभागृहातून एकदम ‘आहा’ येतो, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना आरोह-अवरोह सांगता येत नसतो. तबकडीवरच्या ठुमरीला वीस मिनिटं नसतात, तीन-साडेतीन असतात. म्हणून तिथे वाट पाहायला लावणं छोट्या जागेत घडतं. सुराला शेजारच्या सुराचा कण लागतो, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, किंचित लांबते, सूर आला असं वाटेपर्यंत तो अलीकडे रेंगाळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारलं, नेमक्या कुठल्या जागी तुम्हाला रडू येतं? पाश्चात्य संगीतातल्या ज्या जागा लोकांनी दाखवल्या, त्यांत मूळ स्वराला शेजारच्या स्वराने क्षणभर अडवून धरणाऱ्या जागा पुष्कळ होत्या. संगीताची घडण वेगळी, तरी आपल्या मींडेची बहीण तिथे भेटावी याचा मला फार आनंद वाटतो.

आता तुमचे यजमान. मॉंट्रियलच्या त्या पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. प्रत्येकाला स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकवलं, तसं दुसऱ्या कोणाच्या आवडीचंही ऐकवलं. एकाला काटा आणणारं संगीत दुसऱ्याला ऐकवलं की बहुतेक काही होत नसे. सूर तेच, वाजवणारे तेच. ताल-सुरांत एवढं सामर्थ्य असूनही ते कोणाला लागू पडेल हे ऐकणाऱ्याच्या आयुष्यावर ठरतं. दहा-बारा ते पंचविशीच्या दरम्यान जे ऐकलेलं असतं ते माणसाला आयुष्यभर सर्वांत घट्ट चिकटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या आणि त्यांच्या त्या वयात कानावर काय पडत होतं, हे दोघांनी एकमेकांना विचारून पाहा. तीस वर्षांच्या संसाराआधीची ती वर्षं आहेत.

दुसरं कारण आपल्या संगीताच्या आतलं आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’मध्ये घराण्यांकडे पाहण्याची एक फार सुंदर रीत दिली. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा स्वराच्या टोकाजवळ, आग्रा लयीच्या टोकाजवळ, आणि जयपूर दोन्हींचा तोल सांभाळत मध्यभागी. तुम्ही दोघं या रेषेच्या दोन टोकांवर बसला आहात. फैयाज खाँ बडोद्याचे दरबारी गायक. आवाज खालच्या पट्टीतला, रुंद, घुमारेदार. त्यांची नोमतोमची आलापी, बोलांची लयीशी चाललेली झोंबाझोंबी आणि तिथून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, झेप, यात जो आनंद आहे तो डोळ्यांत पाणी आणणारा नाही. तो मान हलवायला लावतो, मांडीवर थाप मारायला लावतो, तोंडून ‘वाह’ काढतो. त्यातही वाट पाहणं आहे, सुराऐवजी समेची. यजमानांचं शरीरही गाण्यात तुमच्याइतकंच गुंतलेलं असतं. समेच्या वेळी त्यांच्याकडे नीट बघा.

‘रडका’ हा शब्द मात्र मी त्यांना परत घ्यायला सांगेन. त्या आवाजात रड नाही. गाणारा माणूस स्वतःच्या दुःखाचं प्रदर्शन कुठेच करत नाही. तो सूर इतका उघडा ठेवतो की ऐकणाऱ्याचं दुःख त्यात शिरतं. कारुण्य आणि रडगाणं यांतला हा फरक ज्याला कानाने कळतो त्यालाच मी जाणकार म्हणेन, आणि तुमचे यजमान जाणकार आहेत, त्यामुळे त्यांना तो कळेलच.

तरीही तुमच्या बाजूने एक काळजी घ्यायला हवी. डोळ्यांतलं पाणी हे गाण्याच्या थोरवीचं माप नाही. कॅनडातल्या लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्प्सन यांनी १९९९ मध्ये आपलं संगीत न ऐकलेल्या पाश्चात्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांनी ओळखले. शांत भाव मात्र तसा ओळखता आला नाही. मला हे अगदी पटतं. दुःख परक्या भाषेतही पोचतं, शांतरसाला सहवास लागतो. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना मला रडू येत नाही, पण त्यांच्या गाण्यानंतर तासभर बोलावंसं वाटत नाही. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकताना सुरुवातीला अनेकांना तो आवाज तुटक वाटतो. १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन ते देवासला गेले, पाच-सहा वर्षं गाणं बंद राहिलं आणि परतले ते एका फुफ्फुसाच्या जोरावर. लांब दमाच्या तानांच्या जागी लहान, झपकन फेकलेले स्वरसमूह आणि मधली रिकामी जागा हीच त्यांची शैली झाली. ती रिकामी जागा ऐकू यायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत तर काही वर्षं लागली, आणि आता मी त्या जागांसाठीच ती भजनं लावतो.

तुमची आवड कच्ची आहे का, याचं उत्तर गदगच्या एका शाळकरी मुलाने कधीच देऊन ठेवलं आहे. त्याने एक तबकडी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून गुरूच्या शोधात घर सोडलं. ती तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांचीच, आणि तिच्यात तुमची हीच झिंझोटी होती असं सांगतात. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, त्या मुलाने शिक्षण घेतलं. भीमसेन जोशींना रागांची खरी जाण नंतर आली. आधी ते हललेच होते.

आवड रुंदावते का? रुंदावते, पण हट्टाने नाही, पुन्हा पुन्हा ऐकण्याने. ओळखीची गोष्ट माणसाला हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं. फैयाज खाँसाहेबांची लयकारी एकदम ऐकायला घेऊ नका. नोमतोमच्या आलापीपासून सुरुवात करा; तिथे ताल नाही, नुसता आवाज आहे, आणि तो आवाज तुम्हाला पकडेल असं मला वाटतं. यजमानांना म्हणावं, एकदा बंदिश, सम, राग सगळं विसरून फक्त करीम खाँसाहेबांचा आकार तंबोऱ्यात कसा मिसळतो तेवढं ऐका. आणि दोघांनी मिळून ऐकायचं तर रेषेच्या मधोमध या, जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकरांकडे. गोव्यातल्या केरीच्या या बाईंच्या गाण्यात सूरही आहे आणि लयीचा पीळही. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली, तीही अशीच साडेतीन मिनिटांची आहे.

प्रतींबद्दल. खरखर असलेली प्रत ऐका. खरखर पुसणारी तंत्रं वरच्या कंपनांवर चालतात, आणि आवाजाचा रंग, श्वासाची सळसळ, आकाराची धार यांचा मोठा वाटा तिथेच असतो. फार स्वच्छ केलेल्या प्रतीत गाणारा पडद्याआड बसल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट वेगाची. या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण त्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे काटेकोर नव्हता आणि आज प्रत करतानाही तो दर वेळी तपासला जातोच असं नाही. वेग थोडा जास्त झाला की पट्टी चढते, आवाज आणखी बारीक होतो, लयही घाईची वाटते. दोन प्रती पाठोपाठ लावून तंबोऱ्याच्या किंवा पेटीच्या षड्जाशी ताडून पाहा. फरक असेल तर खालच्या पट्टीतली प्रत आधी यजमानांना ऐकवा. त्यांना जो रडकेपणा वाटतो त्यातला काही भाग प्रत करणाऱ्याच्या यंत्राचा असण्याची शक्यता आहे.